अकरा खिशांचा कोट

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलापाशी बसून पायाची नखं कापत होती. खाली कालचं वर्तमानपत्र, नाकावर माझा चष्मा, कारण तिचा स्वतःचा सापडत नव्हता. मी समोरच फोनवर बोलत होते. पलीकडे माझी कॉलेजातली मैत्रीण. ती क्लॅरिनेट वाजवते, आणि तिच्या शहरातल्या एका तळघरात दर वर्षी तिचा कार्यक्रम असतो. दर वर्षी ती चार महिने आधी बोलावते आणि दर वर्षी मी तेच उत्तर देते.

"आले असते गं," मी म्हणाले, "पण आई नाही म्हणते."

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग फोनच्या दिशेने आवाज चढवून म्हणाली, "हो, मी नाही म्हणते. एकटीने जायचं नाही म्हणजे नाही." आणि दुसरा पाय वर घेतला.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "माझं नाही म्हणायचं हे कितवं वर्ष गं?"

"अठरावं."

"मग आता निवृत्त कर मला. शाळेनेसुद्धा केलं."

मी म्हटलं, "बघू."

खरी गोष्ट अशी, की आईने मला जन्मात कुठेही जायला नाही म्हटलेलं नाही. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीत वीस-वीस मुली घेऊन डोंगर चढायची. घाबरट मी. पण "आई नाही म्हणते" असं सांगितलं की माणूस आज्ञाधारक दिसतो, आणि "मला भीती वाटते" असं सांगितलं की नुसताच घाबरलेला दिसतो. त्यामुळे आमच्या इमारतीत, नात्यागोत्यात, माझ्या कचेरीत आईची कीर्ती पसरली: पोरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू न देणारी बाई. आईच्या कानावर ते यायचं. कोणी तोंडावर विचारलंच तर ती माझी लाज राखून मान डोलवायची. मी पुस्तकांच्या शेवटी छापायच्या सूची तयार करते. लिहितो एक, वाचतो दुसरा, आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते मी सांगते. माझ्या आयुष्याची कोणी सूची केली असती तर 'भीती' या शब्दापुढे पान क्रमांक आला नसता. तिथे फक्त 'पाहा: आई' एवढंच असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी कामावर असताना, ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. त्याबद्दल इथे एवढंच.

भेटायला आलेले लोक सांत्वन म्हणून म्हणाले, "फार कडक होत्या, पण तुझ्या काळजीपोटीच." मी त्यांना पाणी दिलं. बोलायला हवं होतं तेव्हा बोलले नाही, आणि एकदा गप्प बसलं की पुढच्या माणसासमोर बोलणं आणखी अवघड होतं, हे मी चार महिने रोज अनुभवलं.

मग कार्यक्रम दहा दिवसांवर आला तेव्हा मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. "या वर्षी तरी?"

मी सवयीने तोंड उघडलं, आणि ते वाक्य अर्ध्यावर अडकलं. नाही म्हणायला आता घरात कोणी नव्हतं. तोंड उघडंच होतं, त्यातून काहीतरी बाहेर पडायला हवं होतं, म्हणून "येते" असं बाहेर पडलं.

तळघर ज्या भागात आहे तो चित्रकार, वादक, नट आणि कोणताच धंदा धड न सांगता येणारे लोक यांचा भाग. तिथे दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो. आमच्या इमारतीत त्याला 'तो भाग' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. मी तिथे एकटी जाणार ही बातमी मी फक्त दूधवाल्याला, म्हणजे तीन दिवस दूध नको एवढंच, सांगितली होती. संध्याकाळपर्यंत विमाकाका दारात उभे.

विमाकाका दुसऱ्या मजल्यावर राहतात. चौतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या, जळालेली गोदामं आणि कोसळलेली छपरं पाहून अहवाल लिहिले. न झालेला अपघात बघायला त्यांना कोणी कधी बोलावलंच नाही, त्यामुळे असा काही प्रकार असतो यावर त्यांचा विश्वास नाही.

"तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "तो तुझ्या आईंचा अधिकार होता. मी फक्त जोखीम मोजणार." आणि त्यांनी तक्ता उघडला. अंधारी गल्ली, दारुडा इसम, खोटा वाटाड्या, मोकाट कुत्रा, निसरडी पायरी. प्रत्येकासमोर टक्केवारी. बेरीज एकशे चाळीस टक्के होत होती. मी ते दाखवल्यावर ते म्हणाले, "काही गोष्टी एकदम घडतात."

तळमजल्यावरच्या शिवणकाकूंनी माझा जुना लांब कोट मागवून घेतला आणि चार दिवसांनी परत दिला तेव्हा त्याला अकरा खिसे होते. त्यांतले दोनच दिसत होते. बाकीचे अस्तरात, काखेत, पाठीत, एक कॉलरच्या आत. "चोराच्या बापाला सापडणार नाहीत," काकू म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरं होतं, फक्त ते मलाही सापडणार नव्हते. कोणत्या खिशात काय, याची सुबक यादी त्यांनी करून दिली होती. ती हरवू नये म्हणून सातव्या खिशात घालून तोंडाला टाका मारला होता.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, फोनवर म्हणाली, "कोणी मागे लागलं तर सांगायचं, नवरा मागून येतोय."

"मावशी, मला नवरा नाही."

"म्हणून तर मागून येतोय म्हणायचं. असता तर बरोबर असता."

यावर विमाकाकांचं म्हणणं पडलं की माहिती सुसंगत हवी, खोटे दावे नेहमी तपशिलात फसतात. मग दोघांनी मिळून मला एक नवरा ठरवून दिला. नोकरी पोलीस खात्यात, उंची सहा फूट, वजन ब्याऐंशी किलो, स्वभाव तापट. मला तो पाठ करायला लावला. बेचाळिसाव्या वर्षी स्थळ आलं ते असं.

मग तालीम. इमारतीच्या वाहनतळात विमाकाका गुंड झाले. पण जन्माचा सभ्य माणूस, अंधारातून पुढे येऊन म्हणाले, "माफ करा, जरा आपली पर्स मिळेल का?" मी छत्री उगारली. ती उगारताना उघडली आणि तिची काडी काकांच्या अंगठ्यात घुसली. त्यांनी पट्टी बांधून घेतली आणि घरी जाऊन स्वतःच्याच अपघाताचा अहवाल लिहिला, तीन प्रतींत. कारणाच्या रकान्यात 'प्रशिक्षणार्थीचा अतिउत्साह' असं होतं. एक प्रत मला दिली.

शेवटची अट दोन फोनची होती. एक गेला तर दुसरा. दुसरा फोन घरात होताच, आईचा. चार महिने मी तो रोज रात्री चार्ज करत होते. का, ते कोणी विचारलं नव्हतं. तो मी शिवणकाकूंकडे दिला आणि त्यांनी तो कोटात कुठेतरी लपवला.

मी पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. स्टेशनातून बाहेर पडताच पाटी होती: 'एकट्या स्त्री प्रवाशांसाठी मदत कक्ष. नोंदणी करा, निर्धास्त फिरा.' खोलीत सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक किटली, कोणीतरी विसरलेल्या छत्र्यांचा ढीग, आणि टेबलामागे पिवळं जाकीट घातलेल्या बाई. त्या संत्रं सोलत होत्या. पद्धत साधी होती. अर्ज भरायचा, मनगटावर क्रमांकाचा पट्टा बांधून घ्यायचा, रात्री नऊ वाजता फोनवर 'ठीक आहात ना' असा संदेश येईल त्याला 'ठीक' म्हणून कळवायचं. कळवलं नाही तर कक्ष आधी आपल्या पहिल्या संपर्काला फोन करणार, मग दुसऱ्याला, मग माणसं पाठवणार. संपर्क या भागाबाहेरचे हवेत. मला ही पद्धत इतकी आवडली की आपल्यासारख्या कोणीतरी घाबरट बाईनेच ती बसवली असणार असं वाटलं.

अर्ज भराभर भरला. कुठे जाणार, या रकान्यात तळघराचा पत्ता लिहिला. संपर्क क्रमांक एक: आईचं नाव, नातं आई, आईचा नंबर. 'संपर्काची वेळ' या रकान्यात मी लिहिलं, 'केव्हाही. घरीच असते.'

शाळेच्या पहिल्या सहलीपासून माझा हात संपर्काच्या रकान्यात आईचंच नाव लिहीत आलाय. मला विचारायची त्याला गरज वाटली नाही. लक्षात आलं तेव्हा बाईंनी कागद ओढून संगणकात चढवायला सुरुवात केली होती.

"त्यात जरा एक बदल करायचा होता," मी म्हणाले.

"खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज, मागे रांगेत." त्यांनी चष्म्यातून पाहिलं. "नंबर चुकलाय का?"

"नाही. नंबर बरोबर आहे."

"मग?"

मागे सात मुली पाठीवर बोजे घेऊन उभ्या होत्या. मी म्हणाले, "काही नाही." दुसरा संपर्क विमाकाका होते. बाईंनी माझ्या मनगटावर नारिंगी पट्टा बांधला. क्रमांक दोनशे सहा.

त्या भागाबद्दल इमारतीत जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खरं आहे. भिंतींवर माणसांपेक्षा मोठे चेहरे रंगवलेले. पदपथावर टेबलं, टेबलांवर कोपरं, आणि एक बाई भर रस्त्यात खुर्चीला निळा रंग देत होती. विमाकाकांच्या शिकवणीनुसार मी दर पन्नास पावलांनी मागे बघत होते. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तीन दांडगे पुरुष मागे होते. चौथ्यांदाही तेच. मी वळले, ते वळले. मी थांबले, ते थांबले. शेवटी मी भिंतीला पाठ लावली आणि छत्री पुढे धरली. त्यांतला एक दबकत म्हणाला, "बाई, तुम्हालाही सापडत नाहीये का? तुमच्या हातात नकाशा होता म्हणून आम्ही मागे आलो." त्यांना नाटकाचं थिएटर हवं होतं. ते उलट्या दिशेला होतं. मी त्यांना वाट दाखवली आणि माझी मान पाऊण इंच उंच झाली.

त्यामुळेच पुढच्या कोपऱ्यावर मागे बघायचं राहिलं. हा माणूस एकटा होता, बरोबरीने चालू लागला. कुठून आलात, एकट्याच का, कुठे उतरलात. मी चाल वाढवली, त्याने वाढवली. त्याने माझ्या कोपराला हात लावला. तालमीतलं सगळं पुसून गेलं. शिट्टी कोणत्या खिशात होती ते देवाला ठाऊक. तोंडातून बाहेर पडले ते हे शब्द: "ब्याऐंशी किलो."

तो थबकला. "काय?"

"नवरा," मी म्हणाले. "वजन."

हा माणूस अनेक बायकांच्या मागे लागला असणार, पण असं उत्तर त्याला कोणी दिलं नसावं. तो विचारात पडला तेवढ्यात मी समोरच्या उघड्या दारात शिरले. चौकटी बनवायचं दुकान होतं ते. आत एक वयस्कर बाई लाकडाची पट्टी कापत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या माणसाकडे पाहिलं, आणि करवत खाली न ठेवता त्याला म्हणाल्या, "काही फ्रेम करायचंय?" तो गेला.

"बसा," त्या मला म्हणाल्या. "जरा दम खा. मग मी सोडते तुम्हाला." पाच मिनिटांनी त्यांनी दुकानाला कडी लावली आणि तळघराच्या दारापर्यंत आल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "तो फिरतोच इथे. परत आलात तर या बाजूने चाला, माझा दिवा दहापर्यंत असतो." एकशे चाळीस टक्क्यांत हा दिवा कुठेच धरलेला नव्हता.

तळघर छोटं, साठेक माणसं. आठला मैत्रीण उभी राहिली. अठरा वर्षं मी तिचं वादन ऐकत आले ते फोनवरून, मागे कपबशा वाजत असताना. तिने पहिला स्वर लावला आणि मला कळलं की मी जिवंत आहे, पोचले आहे, आणि बसले आहे. नऊ कधी वाजले ते समजलं नाही. माझा फोन तर आधीच मेला होता. इमारतीतून दर दहा मिनिटांनी 'कुठे आहेस' विचारून त्यांनीच त्याचा प्राण घेतला होता.

सव्वानऊला मैत्रीण एका अतिशय हळुवार जागेवर आली, श्वास ऐकू यावा इतक्या. आणि माझ्या पाठीतून टेलिफोनची घंटा वाजली. जुन्या काळ्या फोनची असते तशी, खणखणीत. आईला कमी ऐकू यायचं म्हणून मीच तो आवाज लावून दिला होता, कमाल पातळीवर.

मी खिसे धुंडाळू लागले. पहिल्यात टॉर्च. चौथ्यात बिस्किटं. कॉलरमध्ये शिट्टी, आता सापडली. कुठल्याशा एका खिशात काकांचा अंगठ्याचा अहवाल. घंटा थांबली, परत सुरू झाली. ढोलवाला मोठा गुणी माणूस, त्याने घंटेची लय पकडली आणि तिला साथ द्यायला लागला. मैत्रिणीने त्यावर सूर धरला. तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा लोकांनी ती येणार म्हणून आधीच टाळ्या दिल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "तुमची एंट्री फार छान झाली."

शेवटी पाठीतला टाका फाडून फोन हाती आला. अनोळखी नंबर. मी कापला.

हेच करायला नको होतं. मदत कक्षाच्या नियमावलीत, हे मला नंतर कळलं, 'पहिला संपर्क फोन उचलत नाही' हा साधा प्रकार आहे, पण 'पहिला संपर्क फोन कापतो' हा गंभीर प्रकार आहे. दहाव्या मिनिटाला पिवळी जाकिटं घातलेल्या दोघी जिना उतरून आल्या, दिवे लावले गेले, आणि एकीने साठ माणसांसमोर विचारलं, "दोनशे सहा कोण?"

मी हात वर केला. मनगटावर तो आकडा होताच.

मध्यंतर जाहीर झालं. मला कक्षात नेलं. तीन मिनिटांची वाट, पण दोघींच्या मध्ये चालताना लोक ज्या आदराने बाजूला होत होते तो मी विसरणार नाही.

संत्र्याच्या बाई जागेवर होत्या. मी सुखरूप दिसताच त्यांनी मोठा निःश्वास सोडला, किटलीतला चहा माझ्यापुढे ठेवला, आणि लगेच कागद ओढला. "प्रकरण बंद करायला पहिल्या संपर्काला कळवावं लागतं. तुमच्या आईंना. त्या फोन कापतायत."

"तो फोन मी कापला," मी म्हणाले आणि तो टेबलावर ठेवला.

"हा तुमच्याकडे कसा? मग आई कुठेत?"

मी उत्तर देणार तेवढ्यात टेबलावरच्या दुसऱ्या फोनमधून आवाज आला. त्यांनी विमाकाकांना आधीच फोन लावून ठेवला होता, स्पीकरवर. "हॅलो, सापडली का? मी बोलतोय, दुसरा संपर्क."

मागे गलका होता. शिवणकाकू होत्या, मावशीसुद्धा येऊन बसली होती. सगळी इमारत काकांच्या दिवाणखान्यात गोळा झालेली दिसत होती.

"मी ठीक आहे, काका," मी म्हणाले.

पलीकडे एकदम सगळे बोलायला लागले. कोणीतरी रडलं, बहुतेक शिवणकाकू. "खिसे पुरले ना गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उरले, काकू."

"बाई," काका कक्षाच्या बाईंना म्हणाले, "तिच्या आई नाहीत हो. चार महिने झाले. त्या असत्या तर आज ही वेळच आली नसती. अठरा वर्षं त्यांनी पोरीला एकटीला कुठे पाठवलं नाही. आम्ही म्हणायचो, किती कडक बाई. पण बघा, त्यांचंच खरं निघालं."

"ताईचा स्वभावच तसा होता," मावशी मागून म्हणाली, नाक ओढत. "जीव होता तिच्यावर, पण सोडायची नाही."

"मी पहाटेच्या गाडीने निघतो," काका म्हणाले. "दुपारपर्यंत तिला घरी आणतो. आईंच्या माघारी आम्ही आहोत की, 'नाही' म्हणायला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं पेन दोन रकान्यांच्या मध्ये थांबलं होतं. "मग तुमची पुढच्या दोन दिवसांची नोंद रद्द करू?"

काही न बोलता मान हलवली असती तरी चाललं असतं. सगळं जागच्या जागी बसलं असतं. नाही म्हणणारी आईही, आणि तिच्यामागे उभी असलेली मीही. मी चहाचा एक घोट घेतला.

"करू नका," मी बाईंना म्हणाले, आणि फोन जवळ ओढला. "काका, तुम्ही येऊ नका. आणि सगळे जरा ऐका. मावशी, तूसुद्धा. आई मला कधीच नाही म्हणाली नव्हती. एकदाही नाही. दर वर्षी ती जा म्हणायची. मला भीती वाटायची, ते सांगायची लाज वाटायची, म्हणून मी तिचं नाव सांगत होते. ती समोर बसून ऐकायची, आणि मी खोटी पडू नये म्हणून हो म्हणायची. आई कडक नव्हती, काका. मी घाबरत होते."